तालमीविना शर्यत

मराठी कथेत कुस्तीला घर मिळाले. धावण्याला अजून ओसरीही मिळालेली नाही. विधान कुणाला अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून थोडे स्पष्ट करतो. कुस्तीची आपली गोष्ट फडात सुरू होत नाही, ती तालमीत सुरू होते. पहाटेचा अंधार, हौद्यातली तेल-ताक घालून मळलेली माती, जोर-बैठकांची मोजणी, वस्तादाचा धाक, दूध-तुपाचा खुराक आणि त्या खुराकापायी घरात होणारी ओढाताण, हे सगळे आधी येते. जत्रा, हलगी आणि फेटा यांची पाळी नंतरची. ‘तालीम’ हा शब्दच मुळी शिकवणीचा. कुस्तीची जागा तयारीच्या नावाने ओळखली जाते. आमच्या तेलंगणाच्या बाजूला दखनी बोलणारा माणूसही तिला तालीमखानाच म्हणतो.

पळण्याची गोष्ट मात्र बंदुकीच्या बाराने सुरू होते आणि फितीपाशी संपते. तिच्या आधी काय असते? गरिबी असते. अनवाणी पाय असतात. डोक्यावर पाण्याचा हंडा किंवा शाळेपर्यंतची चार-सहा किलोमीटरची वाट असते. मग एकदम पदक येते. या दोहोंच्या मधली जी तीन, पाच, आठ वर्षे, ती गाळलेली असतात. वर्तमानपत्रातला लेख असो, सत्कारसमारंभातले भाषण असो की पडद्यावरचा चित्रपट असो, गाळलेली जागा तीच. या लेखात मला त्या गाळलेल्या प्रकरणाविषयी लिहायचे आहे. हा प्रश्न केवळ वाङ्मयीन चवीचा नाही, हे पुढे ध्यानात येईलच.

आरंभ आपल्या सीमाभागाला जवळच्या अशा एका चित्रपटापासून करतो. ‘लता भगवान करे’ हा मराठी चित्रपट २०२० साली आला. त्याचे दिग्दर्शक नवीन देशबोईना हे तेलुगू भाषक, आणि गोष्ट बारामतीची. साठी उलटलेल्या लताबाईंनी नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात नाव घातले. नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. चित्रपटात लताबाईंची भूमिका स्वतः लताबाईंनीच केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि चहाच्या टपरीवर दखनी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना या चित्रपटाचे अप्रूप वाटावे, हे स्वाभाविकच. सीमेपलीकडच्या माणसाला आपल्या एका कष्टकरी बाईची गोष्ट सांगाविशी वाटली, आणि ती त्याने तिच्याच भाषेत सांगितली. ही गोष्ट लहान नाही. चित्रपटाचे खरे बळ त्या चेहऱ्यात आहे. शिकवून आणलेला अभिनय तिथे नाही, आणि त्याची गरजही वाटत नाही.

तरीही मला दोन गोष्टी बोचतात, आणि त्या चित्रपटापेक्षा त्या कथेला आपण जे रूप दिले त्याविषयीच्या आहेत. पहिली अशी, की टाळ्या वाजवताना एका तपासणीसाठी म्हातारीला शर्यत का जिंकावी लागते, हा प्रश्न आपल्या हातून निसटतो. दुसरी माझ्या विषयाशी थेट संबंध असलेली. ‘काहीही तयारी नसताना केवळ प्रेमाच्या बळावर धावल्या’ असे आपण सांगतो. मला हे खरे वाटत नाही. शेतमजुरी करणाऱ्या बाईने आयुष्यभर जे चालणे चालले, जे वाकणे वाकले, जी ओझी वाहिली, ती तयारी नव्हे तर काय? त्या पायांची तालीम चाळीस वर्षे चालू होती. तिला कुणी तालीम म्हटले नाही, एवढेच. बाईच्या कष्टाला आपण कामही म्हणत नाही आणि सरावही म्हणत नाही. मग तिचे जिंकणे चमत्कार ठरते. चमत्कार म्हटले की समजून घेण्याची जबाबदारी संपते.

अनवाणी पायांचा हा मोह आपल्यापुरता नाही. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत. हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्यामागे ओन्नी निस्कानेन नावाचा स्वीडिश प्रशिक्षक होता, अनवाणी धावण्याचा त्याला सराव होता आणि नवे बूट पायांना फोड आणत होते म्हणून ते बाजूला ठेवले गेले, हे फारसे सांगितले जात नाही. शर्यतीआधी गुरू-शिष्यांनी मार्ग पाहून ठेवला होता. इथिओपियातून इटलीने उचलून नेलेला अक्सूमचा प्राचीन स्तंभ त्या मार्गावर, शेवटाच्या थोडा अलीकडे होता. तिथून वेग वाढवायचा हे आधीच ठरले होते, आणि तसेच झाले. पायात काही नव्हते, पण डोक्यात सगळा नकाशा होता. चार वर्षांनी टोकियोत हाच माणूस बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पुन्हा जिंकला. आपल्या आठवणीत रोम राहिले, टोकियो राहिले नाही. कारण बुटांत दंतकथा नसते.

आपल्याकडचेही उदाहरण आहे, आणि ते सीमाभागातलेच आहे. बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचा मार्ग ४२ किलोमीटर ७५० मीटरचा, म्हणजे आजच्याहून लांब. त्यांनी तो २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत संपवला आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी पळताना पाहून दोराबजी टाटांना भारताचा चमू पाठवण्याची कल्पना सुचली, हा इतिहास. पाठ झालेली वाक्ये तीच: खेड्यातले पोर, अनवाणी पाय. पण पावणेतीन तासांहून अधिक वेळ अखंड पळणारे शरीर आठ दिवसांत घडत नाही. चौगुल्यांनी ते कसे घडवले, कुठल्या वाटांवर, काय खाऊन, कुणाच्या संगतीत, याची एक चांगली मराठी कादंबरी व्हायला हवी होती. शंभर वर्षे त्यासाठी पुरली असती.

परभाषेत हे प्रकरण कसे लिहिले गेले, ते पाहू. मला दोन पुस्तके महत्त्वाची वाटतात. अ‍ॅलन सिलिटो या इंग्रज लेखकाची ‘द लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’ ही दीर्घकथा १९५९ ची. चोरीपायी सुधारगृहात आलेला एक कामगारवस्तीतला पोरगा पळण्यात चांगला आहे असे तिथल्या साहेबांच्या ध्यानात येते, आणि बाकीचे झोपलेले असताना त्याला पहाटे एकट्याने बाहेर सोडले जाते. शर्यत जिंकून त्याने संस्थेला करंडक मिळवून द्यावा, अशी अपेक्षा. तो शेवटी मुद्दाम हरतो. बहुतेक वाचक या शेवटाविषयी बोलतात. मला मात्र कथेचा प्राण त्या थंड पहाटांत दिसतो. रोज तीच वाट, तेच गवत, तोच श्वास. आणि त्या एकसुरीपणात पोराचे डोके पहिल्यांदा स्वतःचा विचार करू लागते. शर्यतीत हरण्याचे बळ त्याला शर्यतीत मिळालेले नाही. ते सरावात साठले आहे. मनाची तयारी म्हणजे काय, हे व्याख्येविना सांगणारी अशी दुसरी कथा मी वाचलेली नाही.

दुसरे पुस्तक हारुकी मुराकामी या जपानी कादंबरीकाराचे, धावण्याविषयीचे आत्मकथन. मूळ २००७ चे. इंग्रजीत ते पुढल्या वर्षी आले. तिशी ओलांडल्यावर धावू लागलेला हा लेखक आपल्या पुस्तकात जवळजवळ काहीच नाट्य घडू देत नाही. या महिन्यात किती धावलो, गुडघा कसा आहे, उन्हाळ्यात काय होते, वय वाढले तसा वेळ कसा वाढत गेला, हेच तो सांगत राहतो. लिहिताना अजून लिहिता येईल असे वाटत असतानाच थांबायचे, म्हणजे उद्याचे काम सोपे जाते, ही त्याची सवय. धावण्यातही तो तेच पाळतो. १९९६ साली सारोमा सरोवराकाठची १०० किलोमीटरची शर्यत त्याने पुरी केली, आणि पुढे बराच काळ धावण्यावरचे मन उडाले, हेही तो लपवत नाही. काही वाचकांना हे पुस्तक कंटाळवाणे वाटते. मी म्हणेन, तो कंटाळा हाच त्याचा विषय आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला आहे. दूरच्या पल्ल्याची तयारी म्हणजे कंटाळ्याशी केलेला दीर्घ संसार.

याच्याशेजारी आपले चित्रपट ठेवा. ‘भाग मिल्खा भाग’ (२०१३) मध्ये तयारी येते ती एका गाण्यात. घाम, टायर, डोंगर, आणि चार-पाच मिनिटांत नायक तयार. पाहताना अंगावर काटा येतो, हे खरे. पण पाहणाऱ्या पोराला कळते ते इतकेच, की जीव तोडून पळावे. ‘पानसिंग तोमर’ (२०१२) हा चित्रपट मला यापेक्षा शहाणा वाटतो. त्यातला सैनिक खेळाकडे वळतो तो पोटासाठी, कारण खेळाडूंना जेवणावर मर्यादा नाही. खुराकाची ही गोष्ट दिग्दर्शकाने विनोदात घेतली असली तरी ती पायाभूत आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे त्याच ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदकापर्यंत आणि २०२४ साली पॅरिसच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, तोही सैन्यातूनच. त्याच्या लहानपणीची शाळेची वाट सगळे सांगतात. सैन्याने दिलेला आहार, प्रशिक्षक, विश्रांती आणि वर्षांमागून वर्षे हे कुणी फार सांगत नाही. शाळेपर्यंत पायी जाणारी पोरे आपल्याकडे हजारो होती. ती सगळी पॅरिसला गेली नाहीत, कारण वाटेनंतर लागणारी तालीम त्यांना मिळाली नाही.

आता मूळ चिंतेकडे येतो. आमचे भैंसा पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. इथे पहाटे रस्त्यावर पळणारी पोरे-पोरी दिसतात. काहींचे डोळे तेलंगणाच्या पोलीस भरतीकडे, काहींचे सैन्याकडे, ज्यांचे कागदपत्र पलीकडचे त्यांचे महाराष्ट्राच्या भरतीकडे. १६०० मीटर हा आकडा दोन्ही भाषांत पाठ झालेला. भरती जाहीर झाली की रस्ता भरतो, संपली की रिकामा होतो. एका मुलाला मी विचारले, ‘‘अरे, वर्षभर का पळत नाहीस?’’ तो म्हणाला, ‘‘काका, तारीख नाही तर पळायचं कशासाठी?’’ त्याचे उत्तर त्याच्या दृष्टीने बरोबर आहे. त्याने ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीत शर्यत आहे, तयारी नाही. मग महिनाभरात जीव तोडून पळायचे, हेच तो शिकला.

या शिकवणीची किंमत मोजावी लागते. २००६ साली ओडिशात बुधिया सिंग नावाच्या चार वर्षांच्या मुलाला पुरीहून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर पळवले गेले. देशभर कौतुक झाले, मग डॉक्टरांनी तपासले, सरकारने बंदी घातली, आणि पुढे २०१६ साली त्याच्यावर चित्रपटही आला. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत पुरुष उमेदवारांना तासाभरात १० किलोमीटर पळायचे होते. त्या भरतीत दहाहून अधिक तरुण मरण पावले. कारणांविषयी वाद झाले. उकाडा, व्यवस्था, तयारी, सगळ्यांची नावे घेतली गेली. नोकरीसाठी निघालेली पोरे परत आली नाहीत, याबद्दल वाद नव्हता. ‘इच्छा असली की शरीर मागून येते’ ही आपल्या गोष्टींतली लाडकी शिकवण अशा वेळी निरुपद्रवी राहत नाही.

शरीर मागून येते खरे, पण आपल्या चालीने. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. हाडे आणि स्नायूंना बांधणाऱ्या शिरा महिने घेतात. म्हणूनच नव्या पोराचा दम वाढतो आणि त्याच वेळी नडगी दुखू लागते. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललासुद्धा आठवड्याला १६० किलोमीटरच्या आसपास संथ धावायला लावले आणि १९६० च्या रोममध्ये त्याला सुवर्णपदक मिळाले. संथ म्हणजे किती, तर सोबत्याशी बोलता येईल इतके. आमच्याकडची जोडी मराठीत प्रश्न विचारून तेलुगूत उत्तर घेत पळू शकली, तर गती बरोबर समजावी. उकाड्याची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत होते, तीही हळूहळू उन्हात वेळ वाढवत नेला तर. स्नायूंत आणि यकृतात साठलेले पिष्ट साधारण तीस किलोमीटरना पुरते. मॅरेथॉनची खरी परीक्षा तिथून पुढे. ज्वारीची भाकरी खाणाऱ्यांना हे इंधन परके नाही. शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणायचे असते, आणि हीच गोष्ट मनाला सर्वांत जड जाते. कारण विश्रांती हा तयारीचा भाग आहे असे आपल्याला कुणी सांगितलेले नसते. पळताना चक्कर आली, भान हरपू लागले, अंग तापून निघाले तर थांबून आधी अंग थंड करायचे आणि दवाखाना गाठायचा, हेही कुठल्या गोष्टीत येत नाही. थांबणारा नायक आपल्याला चालत नाही ना!

हे सारे लिहायला मराठीत शब्द नाहीत, असे कुणी म्हणेल. मला उलट वाटते. वारीने आपल्याला लांब पल्ल्याची पूर्ण भाषा देऊन ठेवली आहे. मजल, मुक्काम, विसावा हे शब्द पाहा. आळंदीहून निघालेला वारकरी पावलोपावली पंढरपूर मोजत नाही. तो आजचा मुक्काम मोजतो. दिवे घाट चढताना घाटच चढतो. पल्ल्याचे तुकडे करून मनाला पेलवतील असे करणे, ज्याला आजचे क्रीडामानसशास्त्र मोठ्या आस्थेने शिकवते, ते आपल्या आजीला ठाऊक होते. आणि ‘दम’ हा शब्द तर आमच्या गावच्या तिन्ही भाषांचा. तेलुगूत तो दम्मु होतो, दखनीत दमच राहतो, आणि तिन्हींत श्वास आणि हिंमत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी सांभाळतो. मराठीत तर दम लागतो, दम खाता येतो, दम धरता येतो, आणि वडीलधारे ‘दमानं घे’ म्हणतात. शरीराची आणि मनाची तयारी वेगळी काढता येत नाही, हे या एका शब्दाने केव्हाच सांगून टाकले आहे. तेलुगूत सहनशीलतेला ओर्पु म्हणतात. घरात दोन्ही भाषा असणाऱ्या लेखकाला हा शब्दही हाताशी आहे.

मग उणीव शब्दांची नाही, लक्ष देण्याची आहे. आपला लेखक मैदानावर शर्यतीच्या दिवशी जातो. त्याने मार्च महिन्यात जावे, जेव्हा कुठलीच भरती जाहीर झालेली नसते. एखादी मुलगी पहाटे पळून येऊन कापूस जिनिंगच्या कामाला किंवा कॉलेजला जाते, तिच्या घरी वाढीव दोन भाकऱ्यांवरून काय बोलणे होते, मुलीने रस्त्यावर पळावे की नाही यावर गल्ली काय म्हणते, तिची नडगी दुखते तेव्हा तिला थांब म्हणणारे कुणी आहे का, हे त्याने लिहावे. तिला शेवटी पदक मिळालेच पाहिजे असे नाही. ती भरतीत बसली नाही तरी गोष्ट पुरी होईल, कारण गोष्ट त्या वर्षाची असेल.

लताबाईंची गोष्ट एका तेलुगू माणसाने मराठीत आणली. चौगुल्यांची, किंवा आमच्या रस्त्यावरच्या एखाद्या अनाम पोरीची गोष्ट सीमाभागातल्या कुणी लिहिली, तर ती तेलुगूत न्यायला इथे दुभाषी पुष्कळ आहेत. ती वाचून एखाद्या मुलाने तारीख जाहीर होण्याआधी पळायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी दोनच किलोमीटर, तेही बोलत बोलत पळला, तर त्या पुस्तकाचे काम झाले असे मी समजेन.